इंजिनिअरला एमबीएला प्रवेश मिळेल का? चिंचोटीच्या घरात बसून मांडायचा हिशेब

ऑगस्ट उजाडला की कॅटचे फॉर्म सुटतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. पोरगा बी.ई. झालाय, वालीवच्या किंवा कामणच्या एखाद्या कारखान्यात दोन वर्षं घासतोय, पगार जेमतेम वाढतोय, आणि एक दिवस जेवताना म्हणतो, "अब्बा, एमबीए करायचंय." अब्बांचा पहिला प्रश्न पैशाचा. अम्मीचा प्रश्न, "अजून किती शिकणार?" आणि मामू कुठूनतरी ऐकून सांगतात की इंजिनिअरला आयआयएममध्ये सहज घेतात, कारण तिथं सगळे इंजिनिअरच असतात.

मामूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिथं इंजिनिअर भरपूर असतात, हे बरोबर. पण म्हणूनच इंजिनिअरला जागा मिळवणं जास्त अवघड जातं. चिंचोटी, कामण, नायगाव, वसई या पट्ट्यातल्या घरांनी फॉर्म भरण्याआधी, आणि नोकरी सोडण्याच्या तर खूपच आधी, आपल्या मुलाची किंवा मुलीची शक्यता नेमकी किती आहे हे कसं ताडून बघायचं, ते इथे सांगतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

आधी हा गोंधळ मिटवू. दहावीला ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद मार्क. कॅटमधलं ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभर जणांपैकी साधारण नव्वद जण तुमच्या मागे आणि दहा पुढे. २०२४ च्या कॅटला सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नोंदणी केली आणि सुमारे २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष बसले. आता हिशेब करा. ९० पर्सेंटाइल आले तर तुमच्या पुढे २९ हजारांहून जास्त लोक आहेत. ९५ आले तर साडेचौदा हजार. ९९ आले तरी जवळपास २,९०० जण पुढे उभे आहेत. घरात "नव्वद आले" म्हणून पेढे वाटले जातात आणि पोरगा गप्प बसलेला असतो, त्याचं कारण हे.

त्या वर्षी पूर्ण १०० पर्सेंटाइल १४ जणांना मिळाले, त्यातले १३ इंजिनिअर होते. गणित आणि लॉजिक या दोन विभागांत इंजिनिअरचा हात आधीच बसलेला असतो, म्हणून वरच्या टोकाला त्यांचीच गर्दी होते. परीक्षा दोन तासांची, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं: इंग्रजी वाचन, डेटा-लॉजिक आणि गणित. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय असलेल्या प्रश्नात चुकलं तर १ वजा. आपल्या पट्ट्यातली मुलं गणितात मार खात नाहीत. अडतात ती इंग्रजी वाचनात. मराठी किंवा उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने सहा महिने रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचला तर त्याचा उपयोग शंभर गणितं सोडवण्यापेक्षा जास्त होतो, असं माझं मत आहे. गणितातले पाच गुण वाढवायला लागणारी मेहनत आणि इंग्रजीतले पाच गुण वाढवायला लागणारी मेहनत या मुलांसाठी सारखी नसते.

गर्दीत गर्दी

बिझनेस स्कूलला वर्गात सगळे एकाच छापाचे नको असतात. एक डॉक्टर असावा, दोन सीए असावेत, कोणी इतिहास शिकलेला, कोणी शेतीची पदवी घेतलेला. म्हणून बऱ्याच आयआयएम मुलाखतीला बोलावताना इंजिनिअर नसलेल्यांना वेगळे गुण देतात. त्यांना 'अकॅडेमिक डायव्हर्सिटी' म्हणतात. आयआयएम अहमदाबाद तर पदवीच्या शाखेनुसार उमेदवारांचे गट पाडून प्रत्येक गटातले वरचे काही जण आधी उचलते. म्हणजे बी.कॉम. झालेल्या मुलीची स्पर्धा तिच्या गटाशी आणि तुमच्या मुलाची स्पर्धा देशभरातल्या इंजिनिअरशी. त्यात आयआयटीवालेही आले.

मुलींसाठी चित्र वेगळं आहे. वर्गात मुली कमी असतात म्हणून बहुतेक आयआयएम मुलींना काही गुण जास्त देतात. एकाच घरात भाऊ आणि बहीण दोघं इंजिनिअर असतील आणि दोघांचे मार्क सारखे असतील, तर बहिणीला कॉल येण्याची शक्यता जास्त असते. तरी आपल्या घरांत कॅटचा फॉर्म बहुतेक वेळा भावासाठीच भरला जातो. बहिणीला "तू आता नोकरी कर, लग्नाचं बघू" असं सांगितलं जातं. निव्वळ हिशेब म्हणून पाहिलं तरी ही उलटी गोष्ट आहे. पैशाच्या बाबतीतही मुलींची बाजू भक्कम आहे, ते पुढे येईलच.

जुने मार्क पाठ सोडत नाहीत, पण सगळीकडे नाही

समजा, चिंचोटी नाक्याजवळ राहणारा एक मेकॅनिकल इंजिनिअर आहे. दहावीला ८८ टक्के, बारावी सायन्सला ६७, बी.ई. ला ७२, दोन वर्षांचा अनुभव. मॉक परीक्षेत त्याला ९७ पर्सेंटाइल मिळतात. हुशार मुलगा आहे, यात शंका नाही. त्याची शक्यता किती?

आयआयएम अहमदाबादमध्ये मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवताना फक्त कॅट बघत नाहीत. दहावी, बारावी, पदवी, नोकरीचा अनुभव यांचा एक गुणांक काढतात आणि गेली काही वर्षं त्याचं वजन सुमारे ३५ टक्के ठेवतात, उरलेलं कॅटचं. दहावीचे गुण टप्प्यांनी देतात: ९० च्या वर असेल तर १०, ८० ते ९० ला ८, ७० ते ८० ला ५, ६० ते ७० ला ३. बारावी सायन्सलाही तसेच टप्पे आहेत. आपल्या मुलाला दहावीचे ८ मिळाले, पण बारावीचे फक्त ३. बारावीला ८१ टक्के असते तर ८ मिळाले असते. बारावीच्या वर्षी सगळा जोर प्रवेश परीक्षेवर दिला, बोर्डाकडे लक्ष दिलं नाही, अशी कितीतरी मुलं आपल्याकडे आहेत. पाच-सहा वर्षांनी ती बारावी अशी परत येते. बंगळूर आणि कलकत्त्याच्या आयआयएमही जुने मार्क धरतात, प्रत्येकाचं वजन वेगळं.

म्हणून या मुलाला ९७ पर्सेंटाइलवर अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता खुल्या गटातून जवळजवळ बंदच समजा. ९९ वरही बारावीचे ६७ आड येतील. संस्थेच्या वेबसाइटवर 'किमान ८० पर्सेंटाइल' असं काही वाचून हुरळू नका. ती फक्त आत डोकावण्याची अट असते. खुल्या गटातल्या इंजिनिअर मुलाला प्रत्यक्षात बोलावणं येतं ते बहुधा ९९ च्या पुढे. नवीन आयआयएम, म्हणजे त्रिची, उदयपूर, रांची, रायपूर वगैरे, त्यातल्या बऱ्याच एकत्र मुलाखती घेतात. तिथं ९५ च्या पुढे-मागे आशा सुरू होते. नागपूरची आयआयएम २०१५ पासून आहे. ती घराजवळची नसली तरी राज्यातली आहे, म्हणून फॉर्ममध्ये तिच्यासमोर खूण करायला विसरू नये.

इंजिनिअरसाठी आपल्या जवळची महत्त्वाची जागा पवईत आहे. पूर्वीची नीटी, १९६३ साली सुरू झालेली, २०२३ मध्ये कायदा होऊन तिची आयआयएम मुंबई झाली. नीटीच्या काळात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या कोर्सला इंजिनिअरच घेत असत. आता दार इतरांनाही उघडलं आहे, पण ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन ही तिची ओळख कायम आहे. कारखान्यात काम केलेल्या मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनवाल्याने ही संस्था यादीत वर ठेवावी. खुल्या गटाला पर्सेंटाइल मात्र ९८-९९ च्या घरात लागेल असं धरून चाला. आयआयटी मुंबईतलं शैलेश मेहता स्कूल हेही पवईतच, १९९५ पासून, तेही कॅटवरच प्रवेश देतं.

राज्याची सीईटी: जिथं बारावी कोणी विचारत नाही

आता त्याच मुलाकडे परत बघू. महाराष्ट्राची एमबीए सीईटी वेगळ्या पद्धतीने चालते. २०० प्रश्न, अडीच तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यात ७५ प्रश्न लॉजिकचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. म्हणजे अर्धी परीक्षा लॉजिक आणि आकृत्यांची. एका प्रश्नाला ४५ सेकंद. इथं विद्वत्ता लागत नाही, वेग लागतो आणि कोणता प्रश्न सोडायचा याची जाण लागते. नंतर 'कॅप' म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. दहावी-बारावी कामाला येते ती दोघांचे गुण सारखे पडले तर. पदवीला किमान ५० टक्के, आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४५ टक्के असले की झालं. मुलाखतही नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: ज्याची बारावी कच्ची आहे, ज्याला इंजिनिअरिंगला केट्या लागल्या होत्या, ज्याला मुलाखतीत इंग्रजी बोलायची धास्ती वाटते, त्याने कॅट द्यावीच, पण जीव सीईटीत ओतावा. चर्चगेटचं जमनालाल बजाज हे १९६५ पासूनचं, मुंबई विद्यापीठाचं. तिथं शिकून लोक मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमुखपदी गेले आहेत. शेजारीच सिडनहॅमचं सिमस्री, १९८३ पासूनचं, सरकारी, त्यामुळे फी खासगी कॉलेजच्या मानाने फारच कमी. पुण्यात विद्यापीठाचं पुम्बा. यांच्या जागा मोजक्या असतात आणि खुल्या गटाला बजाजसाठी ९९.९ च्या आसपास किंवा वर लागतात. अवघडच. पण इथे आपल्या मुलाची स्पर्धा फक्त त्या अडीच तासांशी आहे, सहा वर्षांपूर्वीच्या निकालाशी नाही.

एक लक्षात ठेवा: कॅटचे ९७ आणि सीईटीचे ९७ एकच नाहीत. बसणारी माणसं वेगळी. सीईटीत ९७ आले तर बजाज हुकेल, पण मुंबई-ठाण्यातली बरी खासगी कॉलेजं हाताशी येतात. वसईकराला रोज जाता-येता येईल अशी कॉलेजं मीरा रोड आणि कांदिवलीतही आहेत. कोणतं घ्यायचं ते फीवरून ठरवू नका, जाहिरातीवरून तर नकोच. गेल्या दोन वर्षांत किती मुलं नोकरीला लागली आणि सरासरी नाही तर मधला पगार किती, ते विचारा. सरासरी फसवते. एकाला चाळीस लाख मिळाले की सगळ्यांची सरासरी फुगते. मधला आकडा, म्हणजे मीडियन, निम्मे कुठवर पोचले ते सांगतो.

सिम्बायोसिसची स्नॅप, एनएमआयएमएससाठी एनमॅट, एक्सएलआरआयसाठी एक्सॅट या वेगळ्या परीक्षा आहेत. प्रत्येकाचा फॉर्म महाग. सगळे भरत बसू नका, दोन निवडा. आणि दिल्लीच्या एफएमएसकडे कॅटच्या गुणांवर अर्ज करायला विसरू नका. सरकारी विद्यापीठाचं कॉलेज, दोन वर्षांची फी दोन-अडीच लाखांच्या आसपास. मधल्या परिस्थितीतल्या हुशार पोराला याहून बरा सौदा देशात नाही.

कोटा: काय आहे, काय नाही

आपल्या समाजात सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर.

मुस्लिम म्हणून आयआयएममध्ये कोणतीही राखीव जागा नाही. २०१४ साली राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षण जाहीर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. आजही काही जण फॉर्म भरताना तो रकाना शोधतात. तो नाही.

आहे ते तीन प्रकारचं. पहिलं ओबीसी. मोमीन-जुलाहा-अन्सारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी-मन्सुरी अशा अनेक मुस्लिम जाती-बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. आयआयएममध्ये ओबीसी नॉन-क्रीमिलेअरला २७ टक्के जागा आहेत आणि तिथं लागणारं पर्सेंटाइल खुल्या गटापेक्षा बरंच खाली असतं. आपल्या चिंचोटीच्या मुलाचे तेच ९७ ओबीसीतून असते तर चित्र पालटलं असतं. पण आयआयएमला केंद्राच्या यादीत नाव लागतं आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याचं प्रमाणपत्र दाखवून चालत नाही. नॉन-क्रीमिलेअर चालू आर्थिक वर्षाचं लागतं. मुलाखतीच्या दिवशी चुकीचा कागद घेऊन गेलेली मुलं खुल्या गटात ढकलली जातात आणि तिथं त्यांचं पर्सेंटाइल पुरत नाही.

राज्याच्या कॅपमध्ये जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. आणि इथं आपल्या लोकांची खरी अडचण आहे: शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' किंवा 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. जात कुठेच नाही. मग आजोबांचा, पणजोबांचा जुना दाखला, जमिनीची नोंद, जन्म-मृत्यू नोंद असं काही शोधावं लागतं. महाराष्ट्रात ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्याआधीपासून कुटुंब राज्यात होतं याचा पुरावा लागतो. वसई-विरार पट्ट्यात उत्तर प्रदेशातून आलेली बरीच अन्सारी आणि मन्सुरी कुटुंबं आहेत, नंतरच्या काळात आलेली. त्यांना राज्याच्या ओबीसी सवलती मिळत नाहीत, पण वडिलांच्या मूळ राज्यातल्या कागदावरून केंद्रासाठी प्रमाणपत्र काढता येतं, आणि ते आयआयएमला चालतं. हे माहीत नसल्याने कितीतरी मुलं खुल्या गटातून अर्ज करतात. वसईच्या प्रांत कार्यालयाचे फेरे मारायला वेळ लागतो, म्हणून कॅटच्या तयारीला बसण्याआधी ही फाइल हलवा. अभ्यास पोराने करावा, कागदांचं अब्बांनी बघावं. वाटणी इतकी सरळ आहे.

दुसरं ईडब्ल्यूएस, २०१९ पासून, १० टक्के. सय्यद, पठाण, शेख अशी जी कुटुंबं कोणत्याही आरक्षणात येत नाहीत, त्यांच्यासाठी. घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. शेतजमीन ५ एकर किंवा जास्त नको, फ्लॅट हजार चौरस फुटांचा किंवा मोठा नको. शहरातल्या प्लॉटलाही मर्यादा आहे. वसई-नायगावच्या वन बीएचकेवाल्याला फ्लॅटची अट आड येत नाही. जुन्या गावठाणातल्या, वाडी-जमीन असलेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांनी मात्र सातबारा आधी काढून बघावा.

तिसरं अल्पसंख्याक कॉलेज. राज्यात मुस्लिम अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांत ५१ टक्के जागा राज्यातल्या मुस्लिम मुलांसाठी असतात. सीएसएमटीसमोर अंजुमन-ए-इस्लामची अल्लाना इन्स्टिट्यूट आहे, बांद्र्याला रिझवी आहे. या जागाही सीईटीच्या गुणांवरच भरतात, पण यादी वेगळी, त्यामुळे कमी गुणांवर नंबर लागू शकतो. फॉर्ममध्ये 'मायनॉरिटी' रकाना भरला नाही तर ही दारं उघडत नाहीत. नंतर दुरुस्त करायला कोणी बसलेलं नसतं.

आणि हो, कोणी एजंट "आयआयएमची मॅनेजमेंट कोट्यातली सीट देतो" म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. आयआयएममध्ये मॅनेजमेंट कोटा नसतो.

पैसे

मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी २० लाखांच्या पुढे गेली आहे, अहमदाबादची २५ च्याही वर. बँका अशा संस्थांना तारण न मागता कर्ज देतात, कारण नोकरी लागणार याची त्यांना खात्री असते. पण आपल्या बऱ्याच घरांत प्रश्न तारणाचा नसतो, व्याजाचा असतो. ज्या घराला व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, त्याने प्रवेश मिळाल्यावर नाही, फॉर्म भरतानाच हा विचार करावा. कॉल आल्यावर घरात वाद घालण्यात आठवडे जातात आणि फी भरायची तारीख निघून जाते. अशा घरासाठी सिमस्री, बजाज, एफएमएस, पुम्बा हे आधीचे पर्याय, आयआयएम नंतरचा. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर आधारित शिष्यवृत्त्या असतात, त्यांची चौकशी मुलाखतीआधीच करा.

राज्यातल्या कॉलेजात कॅपमधून प्रवेश घेतला तर सवलती बऱ्याच आहेत. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ८ लाखांच्या आतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. म्हणजे अन्सारी किंवा बागवान घरातली इंजिनिअर मुलगी सीईटी देऊन कॅपमधून आली तर मोठं ओझं उतरतं. हे सगळं महाडीबीटीवर भरावं लागतं. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही तिथेच. मौलाना आझाद महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी पालघरच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

नोकरी सोडावी का?

नाही. हे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगेन. बिझनेस स्कूल नोकरीच्या अनुभवाला गुण देतात, साधारण दोन-तीन वर्षांपर्यंत ते वाढतात. नोकरी सोडून वर्षभर घरी बसलेल्याला मुलाखतीत पहिला प्रश्न त्या रिकाम्या वर्षाचाच येतो. वालीवहून सुटून, चिंचोटी नाक्याच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायला आठ वाजतात, हे मान्य. रात्री दीड तास आणि रविवारी एक पूर्ण मॉक, एवढ्यावर दहा महिन्यांत तयारी होते. दादर-अंधेरीच्या क्लासला जाऊन रोज तीन तास प्रवासात घालवण्यापेक्षा ऑनलाइन मॉक सीरिज घ्या आणि सोडवलेला पेपर परत तपासा. पेपर सोडवण्यापेक्षा तो तपासण्यात जास्त शिकायला मिळतं.

सौदी, कतार, कुवेतमध्ये काम केलेल्यांचा अनुभवही धरतात. फक्त नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, अनुभव पत्र जपून ठेवलेलं हवं. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये किंवा भिवंडीच्या पॉवरलूमवर काम केलेल्यांनी जीएसटी, इन्कम टॅक्सचे कागद दाखवता येतील असं बघावं. नुसतं तोंडी "घरचा धंदा बघतो" चालत नाही. पदवीआधीची ट्रेनिंग अनुभवात धरत नाहीत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांनी प्रत्येक संस्थेच्या पत्रकात बारावीच्या जागी डिप्लोमा कसा धरतात ते वाचून घ्यावं. आणि सीजीपीएचे टक्के स्वतःच्या मनाने करू नका. विद्यापीठाने दिलेलं सूत्रच लावा, नाहीतर कागद तपासताना प्रवेश रद्द होऊ शकतो.

रमजानचं गणितही आधी मांडा. २०२५ मध्ये सीईटी १ ते ३ एप्रिलला झाली, आणि ईद ३१ मार्चला. तयारीचे शेवटचे तीस दिवस रोज्यात गेले. ज्यांनी सहरीनंतरच्या शांत वेळात मॉक दिले त्यांना ते सोपं गेलं, इफ्तारनंतर बसणाऱ्यांना झोपेने गाठलं. कोणत्या वेळी डोकं चालतं हे रमजानआधीच बघून ठेवा.

मुलाखतीत चिंचोटी

आयआयएमच्या मुलाखतीत इंजिनिअरला दोन गोष्टी हमखास विचारतात. इंजिनिअरिंग सोडून मॅनेजमेंट का, आणि तुमच्या पदवीतला एखादा साधा प्रश्न. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगता आला नाही तर मॅनेजमेंटची आवड कोणी ऐकत नाही. पहिल्या प्रश्नाला "पगार वाढेल" हे खरं उत्तर असलं तरी पुरेसं नाही.

आपल्या मुलांकडे मात्र एक उत्तर तयार आहे, जे पुण्या-बंगळूरच्या आयटीवाल्याकडे नाही. ती मुंबई-अहमदाबाद महामार्गावर राहतात. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्याने रोज कंटेनर जाताना बघतात. भिवंडीची गोदामं शेजारी, वसई-दिवा मालगाड्यांचा मार्ग कामणवरून, आणि जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदर होतंय. जून २०२४ मध्ये केंद्राने त्याला ७६ हजार २२० कोटींची मंजुरी दिली, ऑगस्टच्या शेवटी भूमिपूजन झालं. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोधही आहे. हे बंदर झालं तर माल कसा हलेल, आपल्या नाक्यावरचा जाम वाढेल की कमी होईल, मच्छीमारांचं काय होईल, यावर जो मुलगा पाच मिनिटं मुद्देसूद बोलू शकतो, त्याला ऑपरेशन्स शिकायचं का आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. यासाठी क्लास नको. महिनाभर रोजचं वर्तमानपत्र आणि रस्त्याकडे डोळे उघडे, एवढं पुरे.

पाच-सात वर्षं अनुभव झालेल्यांनी दोन वर्षांचा एमबीए न करता एक वर्षाचे कोर्स बघावेत. हैदराबाद-मोहालीचं आयएसबी, अहमदाबादचं पीजीपीएक्स. त्यांना जीमॅट किंवा जीआरई लागते, फी जड असते, आणि घर चालवणाऱ्या माणसाने ती भरताना दहा वेळा विचार करावा.

शेवटी त्या मेकॅनिकलच्या मुलाचं काय? खुल्या गटातून, ९७ वर: जुन्या आयआयएम नाहीत, नव्यांपैकी एक-दोन कॉल शक्य, सीईटीत मेहनत केली तर मुंबईचं चांगलं कॉलेज पक्कं, सिमस्री हातभर लांब. ईडब्ल्यूएसचा कागद निघाला तर यादी वर सरकते. ओबीसी निघाला तर आयआयएम मुंबईही यादीत येते. यंदा नोकरी सांभाळून दोन्ही परीक्षा द्याव्यात, कागद या महिन्यात काढायला घ्यावेत. फॉर्मची मुदत साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते.